एका बेडकाचे गोत्र

मृगाचा पाऊस स्थिरावला की आंबोलीच्या घाटमाथ्यावर संध्याकाळी जो नाद उठतो, तो आपण सरसकट रातकिड्यांच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. त्यातला बराचसा रातकिड्यांचा नसतो. कारवीच्या आणि करवंदीच्या जाळीत, कमरेच्या किंवा फार तर डोक्याच्या उंचीवर, ओल्या पानाला चिकटून बसलेला एखादा इवलासा बेडूक गळ्याची पिशवी फुगवून तो काढत असतो. आवाजाचा माग काढत जावे तर तो थांबतो. टॉर्च विझवावा तर पुन्हा सुरू होतो. एकाच जाळीत, हातभर अंतरावर, दोन वेगळ्या जातींचे नर असे ओरडत असू शकतात. एक राऑर्केस्टिस बॉम्बेएन्सिस, दुसरा स्यूडोफिलॉटस अंबोली. दोघेही झुडपावर राहणारे, दोघांच्याही बोटांच्या टोकांना पानाला चिकटून राहण्यासाठी चकत्या, दोघांचेही रंग तपकिरी-करडे आणि भरवसा ठेवू नये इतके बदलते. दीडशे वर्षे प्राणिशास्त्राने अशा बेडकांना एकाच वंशात घातले होते. आता त्यांचे वंश वेगळे आहेत. आंबोलीचे नाव मिरवणारा दुसरा बेडूक हा पलीकडच्या फांदीवरल्या शेजाऱ्यापेक्षा श्रीलंकेतल्या बेडकांच्या अधिक जवळचा आहे. हे कळायला इतका काळ का लागला आणि कळल्याने काय फरक पडला, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या परंपरेत बेडकाला नावांची वाण नव्हती. अमरकोशात त्याचे अर्धा डझन पर्याय आहेत. वर्षाभू म्हणजे पावसात जन्मणारा, प्लव म्हणजे उडी घेणारा, दर्दुर हा बहुधा आवाजावरून आलेला. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात तर अख्खे मंडूकसूक्त आहे. पण ही सारी एकाच प्राण्याची विशेषणे होत. त्यांनी बेडकाबेडकांत भेद केला नाही. शिवाय कोशातला काय आणि सूक्तातला काय, तो बेडूक तळ्याकाठचा. पाणी साचले की जागा होणारा, पाण्यात अंडी घालणारा, ज्याची पिल्ले आधी माशासारखी पोहतात आणि मग पाय फुटून काठावर येतात, असा. शाळेच्या पुस्तकातला जीवनक्रमही तोच.

झुडपी बेडकांनी हा जीवनक्रम मोडीत काढला आहे. त्यांना तळे लागत नाही. मादी जी अंडी घालते ती संख्येने थोडी, शेकड्यांनी नव्हे तर डझनांनी मोजावी इतकी, पण आकाराने मोठी आणि भरपूर बलक असलेली असतात. कोणी ती पानांवर घालतात, कोणी जमिनीत. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा एक हिरवा बेडूक बांबूच्या पोकळ कांड्यात घालतो, आणि तिथे नर त्यांची राखण करतो. श्रीलंकेतल्या बहुतेक जातींच्या माद्या मागच्या पायांनी माती उकरून खळगा करतात, अंडी त्यात घालतात, मातीत कालवतात आणि झाकून टाकतात. पुढचे सगळे अंड्याच्या आतच घडते. शेपटी फुटते, तिच्यातल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून गर्भ श्वास घेतो, पाय येतात, शेपटी विरते आणि काही आठवड्यांनी अंड्यातून थेट तांदळाच्या दाण्यापेक्षा फारसा मोठा नसलेला, पण सर्वांगाने पूर्ण बेडूक बाहेर पडतो. पोहणारे पिल्लू मधे येतच नाही. पाण्यापासून ही मुक्तता मात्र अर्धीच आहे. अंड्याभोवतीची हवा आणि माती सतत ओली राहिली तरच ते जगते. तळ्याची गरज संपली, पण जंगलाच्या सावलीची आणि पालापाचोळ्याची गरज त्या बदल्यात वाढली. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

आता नावांकडे. या बेडकांच्या नामकरणाचा इतिहास हा विनोदी वाङ्मयाचा विषय होऊ शकेल. १८३८ मध्ये योहान याकोब चूडी या विशीतल्या स्विस अभ्यासकाने जावा बेटावरच्या एका लहान झाडबेडकासाठी ऑर्केस्टिस हा वंश कल्पिला. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ नर्तक. नाव सुंदर होते, पण चाळीस वर्षांपूर्वी, १७९८ मध्ये, ते एका भुंग्याच्या वंशाला देऊन झालेले होते. प्राणिशास्त्रात एक नाव दोन वंशांना चालत नाही. आधी आला तो मालक. पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्या द्युमेरिल आणि बिब्राँ या जोडीने त्याच जावाच्या बेडकाला इक्झॅलस हे नाव दिले. हाही ग्रीक शब्द, अर्थ उड्या मारणारा. आपल्या प्लवाचा सख्खा भाऊच म्हणायचा. होमरच्या महाकाव्यात तो रानबकऱ्याचे विशेषण म्हणून येतो. आणि घोटाळा तिथेच होता. ऑगिल्बी नावाच्या आयरिश प्राणिशास्त्रज्ञाने होमरला अधिक इमानी राहून १८३७ मध्येच ते नाव एका शिंगवाल्या, बकरीच्या जातकुळीतल्या प्राण्याला देऊन टाकले होते. म्हणजे बेडकाचे पहिले नाव भुंग्याने नेले आणि दुसरे बकरीने.

तिसरे नाव आले ते अगदीच आडवाटेने. बव्हेरियातील योहानेस गिस्टेल यांना इतरांनी दिलेली नावे बदलण्याचा सोस होता. १८४८ मध्ये त्यांनी वरच्या वर्गांसाठी लिहिलेल्या प्राणिशास्त्राच्या एका शालेय पुस्तकात चूडीच्या बाद झालेल्या नावाऐवजी फिलॉटस हे नाव सुचवले. फिलॉटस म्हणजे स्वतःवर प्रेम करणारा, आत्मरत. पानाआड लपून स्वतःच्याच आवाजात गुंगलेला प्राणी पाहून हे सुचले, असे समजायला मोह होतो. पण गिस्टेल यांनी घाऊक प्रमाणात नावे बदलली आहेत, त्यामागे एवढे निरीक्षण असेल असे मानण्याचे कारण नाही. ते नाव बरीच वर्षे कुणी मनावर घेतले नाही. एकोणिसाव्या शतकात भारतात आणि सिलोनमध्ये जो जो लहान झाडबेडूक सापडला तो तो इक्झॅलसमध्येच जमा होत गेला. टी. सी. जर्डन हे मद्रासच्या फौजेतले डॉक्टर. त्यांनी १८५३ च्या सुमारास दक्षिणेतल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची जी सूची छापली, तिच्यात इक्झॅलस ग्लँड्युलोसस हा बेडूक आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून आल्बर्ट ग्युंथर यांनी भारत-सिलोनहून बरण्यांतून येणाऱ्या बेडकांची वर्णने केली. त्यांच्यानंतर त्याच संग्रहालयातल्या बूलाँजे यांनी १८९० च्या ग्रंथात ती सारी एकत्र केली. या मंडळींच्या साक्षेपाबद्दल आदरच वाटतो. परंतु ज्यांनी वर्णने लिहिली त्यांच्यापुढे मद्यार्कात रंग गेलेले, आवाज गेलेले, पत्ता नुसता मलबार किंवा सिलोन एवढाच असलेले नमुने होते. ज्या प्राण्यांतला भेद मुख्यत्वे आवाजाचा आणि वागण्याचा, ते बरणीत एकसारखेच दिसणार. ग्युंथर यांनी एका जातीला तर व्हेरिएबिलिस, म्हणजे बदलणारा, असेच नाव दिले. पुढची शंभर वर्षे कुठलाही अनोळखी झुडपी बेडूक त्या सोयीच्या नावाखाली खुशाल नोंदवता येऊ लागला.

आपल्या बाजूचा बेडूक शास्त्रात आला तो १९१९ मध्ये. नेल्सन ॲनन्डेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांवरच्या बेडकांविषयी लिहिताना त्यांनी कॅसलरॉक येथील एका लहानशा बेडकाला इक्झॅलस बॉम्बेएन्सिस हे नाव दिले. कॅसलरॉक हे मोरमुगावला जाणाऱ्या रेल्वेवरचे ब्रिटिश हद्दीतले शेवटचे स्टेशन. पलीकडे पोर्तुगीज गोवा. मुंबई शहराशी या बेडकाचा संबंध एवढाच की ते गाव उत्तर कानडा जिल्ह्यात होते आणि तो जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. इलाखा विरला, बेडकाच्या नावात मात्र राहिला. प्राणिशास्त्रातली नावे अर्थ चुकला म्हणून बदलत नाहीत, हे एका अर्थी बरेच आहे.

या साऱ्या परदेशी नामावळीत एक भारतीय नाव ठळकपणे उठून दिसते, ते सी. आर. नारायण राव यांचे (१८८२–१९६०). बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३२ मध्ये बंगळूरहून करंट सायन्स हे नियतकालिक सुरू झाले, त्याचे ते पहिले संपादक. भारतीय शास्त्रज्ञांना आपले संशोधन भारतातच प्रसिद्ध करण्यासाठी एक वेगवान, प्रतिष्ठित जागा हवी, ही त्यामागची भूमिका होती. ज्या काळात बेडकांचे वर्गीकरण म्हणजे लंडन किंवा कलकत्त्याच्या संग्रहालयांचे काम असे गृहीत होते, त्या काळात हे गृहस्थ महाविद्यालयात शिकवता शिकवता म्हैसूर संस्थानाच्या घाटांतले बेडूक गोळा करत होते. १९३७ च्या त्यांच्या निबंधात दक्षिण भारतातल्या बऱ्याच नव्या बेडकांची वर्णने आहेत, त्यांत फिलॉटस वंशातल्या काही जातीही येतात. गिस्टेलचे ते शालेय पुस्तकातले नाव तोवर रूढ झाले होते.

राव यांच्या कामाचे पुढे जे झाले ते चुटपुट लावणारे आहे. नवी जात जाहीर करताना तिचा एक आधारभूत नमुना जपून ठेवावा लागतो. पुढे शंका आली की शब्दांकडे नव्हे तर त्या नमुन्याकडे जायचे असते. राव यांचे नमुने त्यांच्या कॉलेजच्या संग्रहात होते. ते पुढे नाहीसे झाले. राहिली ती छापील वर्णने आणि चित्रे. आम्हा मराठीच्या लोकांना ही अडचण ओळखीची आहे. मूळ पोथी हरवली आणि हाती फक्त नकला व टीका राहिल्या की संपादकाची जी गत होते, तीच इथे होते. ज्ञानेश्वरीची एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली प्रत आपल्याला परंपरेने मिळाली, पण ज्ञानदेवांच्या काळची प्रत मिळाली नाही, म्हणून पाठचिकित्सेचा केवढा प्रपंच करावा लागला. फरक इतकाच की बेडकाच्या बाबतीत एक वाट उघडी असते. त्याच घाटात, त्याच हंगामात पुन्हा जाऊन तो प्राणी शोधता येतो. राव यांचा फिलॉटस चॅरियस असा पुन्हा ओळखता आला. त्यांनी नावे दिलेल्या सगळ्याच बेडकांना ते भाग्य लाभलेले नाही. एका महाविद्यालयाच्या कपाटातली काही काचपात्रे सांभाळली गेली नाहीत, म्हणून कित्येक अभ्यासकांची कित्येक वर्षे वर्णनांचा अर्थ लावण्यात गेली. विभागातली जुनी कपाटे रिकामी करण्याचा उत्साह ज्यांना वारंवार येतो, त्यांनी हे ऐकून ठेवावे. असो.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांनी १९६३ पासून संस्थेच्या नियतकालिकात पश्चिम भारताच्या उभयचरांची क्षेत्रमार्गदर्शिका हप्त्याहप्त्याने लिहिली. जंगलात हिंडणाऱ्या हौशी माणसाच्या हातात प्रथमच काही ठोस आले ते तिच्यामुळे. पण झुडपी बेडकांचा गुंता तिच्याने सुटण्यासारखा नव्हता. तो किती खोल होता हे दाखवणारे उदाहरण धारवाडचे आहे. १९९७ मध्ये एन. एस. पाटील आणि आर. डी. कनमडी यांनी करंट सायन्समध्ये एका झुडपी बेडकाच्या अंड्यातच पूर्ण होणाऱ्या वाढीचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या अशा बेडकांवरचे ते महत्त्वाचे काम आहे. निबंधाच्या शीर्षकातले नाव फिलॉटस व्हेरिएबिलिस. तत्कालीन ग्रंथांच्या आधारे दुसरे नाव सुचणेही कठीण होते. परंतु ग्युंथर यांचा खरा व्हेरिएबिलिस हा केवळ सिलोनचा बेडूक आहे, आणि तो जिवंत कुणालाही सापडत नाही, असे पुढे निष्पन्न झाले. आज तो नामशेष मानला जातो. म्हणजे धारवाडच्या प्रयोगशाळेत डोळ्यांदेखत अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लांना समुद्रापलीकडच्या एका दिवंगताचे नाव लागले होते. निरीक्षणे अचूक, नाव मात्र दुसऱ्याचे. यात त्या संशोधकांचा दोष नाही. शंभर वर्षे सगळ्यांनी एकाच खुंटीला कपडे अडकवले, तर कोणता कोणाचा हे कसे कळावे?

व्हेरिएबिलिस नामशेष झाल्याचे कळले तेही श्रीलंकेतल्या कामामुळे, आणि इथे कथेला वळण मिळते. रोहन पेथियागोडा, केळुम मानमेंद्र-आराच्ची आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतर त्या बेटाची उरलीसुरली पर्जन्यवने पालथी घातली. बेटाचा नैर्ऋत्येकडचा ओला भाग कॉफी आणि मागाहून चहाच्या मळ्यांनी केव्हाच व्यापला होता. जंगल उरले होते ते तुकड्यांत. त्या तुकड्यांतून बेडकांच्या जातींमागून जाती निघाल्या. २००२ मध्ये मधव मीगस्कुंबुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात जाहीर केले की एवढ्याशा बेटावर झाडबेडकांच्या शंभराहून अधिक जाती असाव्यात. २००५ मध्ये मानमेंद्र-आराच्ची आणि पेथियागोडा यांनी एका दमात सत्तावीस नव्या जातींची वर्णने दिली. पण जिवंत बेडूक गोळा करून झाल्यावर ते युरोपातल्या जुन्या संग्रहांकडे वळले, तेव्हा तिथे असे नमुने निघाले की ज्यांच्यासारखा बेडूक बेटावर कुठेच मिळेना. यातल्या काही जातींना नाव मिळाले ते त्या संपल्यानंतर. बारसे आणि तेरावे एकाच दिवशी. नामशेष ठरवल्या गेलेल्या अशा जातींची संख्या दीड डझनाच्या आसपास जाते. एखाद्या लहान देशाने आपल्या एका प्राणिगटाच्या नुकसानीचा इतका बारकाईने हिशेब मांडल्याची उदाहरणे थोडी असतील.

आता आंबोली. २००१ मध्ये फ्रँकी बॉस्युइट आणि अलँ द्युबॉआ यांनी फिलॉटस वंशाचा शंभरेक पानांचा आढावा घेऊन जुनी नावे, जुने नमुने आणि त्यांचे परस्परसंबंध निवडून काढले होते. एस. डी. बिजू केरळपासून उत्तरेपर्यंत घाटमाथे पावसाळ्यात तुडवत होते. बिजू आणि बॉस्युइट यांनी २००९ मध्ये पश्चिम घाटातल्या फिलॉटसांची जी मांडणी केली, तिच्यात बारा नव्या जाती होत्या. त्यांतली एक फिलॉटस अंबोली, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीची. या वेळी हाताशी दिसणे, मापे आणि आवाज यांच्या जोडीला जनुकांचा पुरावा होता, आणि त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, भारत-श्रीलंकेतले हे बेडूक जावाच्या फिलॉटसच्या शाखेवरचे नव्हेत. फिलॉटस हे नाव जावाच्या बेडकाला बांधलेले आहे. तेव्हा आपल्या बेडकांना ते नाव सोडणे भाग होते. दोन, आपल्या बेडकांतही दोन शाखा आहेत. एक मुख्यतः सह्याद्रीची, दुसरी मुख्यतः श्रीलंकेची. आणि आंबोलीचा बेडूक, वायनाडच्या आपल्या नातलगासह, या दुसऱ्या शाखेवर बसलेला आहे.

श्रीलंकेच्या शाखेला नाव शोधायला लांब जावे लागले नाही. लोराँ या बेल्जियन अभ्यासकाने १९४३ मध्ये एका सिलोनी बेडकासाठी स्यूडोफिलॉटस, म्हणजे खोटा फिलॉटस, हे नाव केले होते. ते पुन्हा वापरात आले. द्युबॉआ यांनी १९८७ मध्ये श्रीलंकेतले उभयचरांचे जाणकार पी. कीर्तिसिंघे यांच्या सन्मानार्थ कीर्तिक्झॅलस हे फार गोड नाव सुचवले होते. पण जुने नाव हाताशी असता नवे टिकत नाही, त्यामुळे कीर्तिसिंघे यांचा मान गेला. भर म्हणजे लोराँ यांनी ज्या बेडकावर आपला वंश उभा केला, तो ग्युंथर यांचा १८६४ सालचा इक्झॅलस टेम्पोरालिस, हाही नामशेष झालेल्यांतच आहे. ज्या शाखेत आज ऐंशीच्या आसपास जाती आहेत आणि जीत आंबोलीचा बेडूक मोडतो, तिचे नाव एका मेलेल्या बेडकाच्या बरणीवर टेकलेले आहे.

सह्याद्रीच्या शाखेला मात्र नावच नव्हते. २०१० मध्ये बिजू, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले योगेश शौचे, द्युबॉआ, एस. के. दत्ता आणि बॉस्युइट यांनी ते दिले. प्रसंग होता आनैमुडी शिखराच्या माथ्यावर सापडलेल्या, आखूड पायांच्या, जमिनीवरच राहणाऱ्या एका केशरी बेडकाच्या वर्णनाचा. त्यांनी चूडीचा तो बाद झालेला नर्तक पुन्हा उभा केला आणि त्याच्यामागे राव जोडले: राऑर्केस्टिस, रावांचा नर्तक. वंशाचा आधार म्हणून जर्डनचा ग्लँड्युलोसस घेतला. आणि हा निबंध प्रसिद्ध झाला करंट सायन्समध्ये, जे नियतकालिक नारायण रावांनी संपादले होते त्यातच. ज्याचे नमुने कपाटातून नाहीसे झाले त्याच्या नावाचा वंश आज सत्तरहून अधिक जाती सांभाळतो आहे, आणि ॲनन्डेल यांचा कॅसलरॉकचा बेडूकही त्यातच आहे. नामकरणाच्या रुक्ष नियमांतून कधी कधी असा न्यायही होतो.

उरतो प्रश्न तो आंबोलीच्या बेडकाचा. तो श्रीलंकेच्या घराण्यात कसा? भारत आणि श्रीलंका यांच्यामधला समुद्र उथळ आहे. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली जाई तेव्हा तिथे जमीन उघडी पडे आणि दोन्हीकडून चालत जाता येई. ही वाट काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत अधूनमधून खुली होती. त्यामुळे दोन्हीकडचे प्राणी सारखेच असणार असा सर्वांचा समज होता. श्रीलंकेचे जंगल म्हणजे सह्याद्रीचेच तुटलेले टोक, असे. बॉस्युइट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बेडूक, खेकडे, मासे, साप असे कितीतरी गट तपासून दाखवले की तसे नाही. वाट खुली असूनही ओल्या जंगलातले प्राणी ती फारशी चालले नाहीत. मधला प्रदेश कोरडा, रखरखीत. ज्याची अंडी ओल्या मातीविना जगत नाहीत त्याने तो ओलांडायचा कसा? तरी फार फार पूर्वी, लक्षावधी वर्षांमागे, केव्हातरी हवामान ओले असताना एक पूर्वज भारतातून तिकडे गेला. त्याचा तिथे मोठा वंशविस्तार झाला. आणि त्या वंशातली एक फांदी उलट्या दिशेने परत आली. मीगस्कुंबुरा आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधल्या मांडणीतही हेच परतीचे स्थलांतर दिसते. वायनाड आणि आंबोली इथले बेडूक त्या परतलेल्यांचे वंशज होत.

आंबोलीच्या संध्याकाळी एकाच जाळीत ओरडणारे ते दोन बेडूक म्हणून केवळ दोन जाती नाहीत. एकाचे पूर्वज या डोंगरांतच राहिले, घाटाच्या खिंडींनी तुटत तुटत वेगळे झाले. दुसऱ्याचे पूर्वज समुद्रापलीकडे जाऊन परत आले. पाहणाऱ्याला दोघेही सारखेच चिखलाच्या रंगाचे. आपण एखाद्या गावाला अस्सल देशी म्हणतो, तेव्हा असल्या इतिहासाचा हिशेब क्वचितच धरतो.

हे सारे पांडित्य आंबोलीच्या बेडकाच्या कामाचे आहे का, असा रास्त प्रश्न कुणी विचारील. २००९ च्या आधीही तो तिथे होताच, सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात ओरडतच होता. पण तोवर तो नसल्यासारखा होता, कारण कुठल्याही यादीत तो नव्हता. असला तर दुसऱ्याच्या नावाखाली, आणि ते दुसरे नाव सर्वत्र आढळणारा असे सांगत असे. नाव मिळाल्यानंतरच त्याचा प्रदेश केवढा, जंगल किती उरले, याची विचारणा झाली आणि आंतरराष्ट्रीय मूल्यांकनात त्याला अतिसंकटग्रस्तांत घातले गेले. त्याच २००९ सालात आंबोलीच्याच कातळावरचा झँथोफ्राइन टायग्रिना हा भेक प्रथम वर्णिला गेला. त्याआधी २००३ मध्ये तिथल्या मातीत राहणाऱ्या गांडुळासारख्या एका उभयचराला डॅनियल यांचे नाव मिळाले होते. पुढे २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या देवळातल्या पाण्यात एका लहान माशाची नवी जात नोंदली गेली, आणि लगोलग २०२१ मध्ये ती जागा राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. माशाला नाव नसते तर देवळाचे तळे ते देवळाचे तळेच राहिले असते.

झुडपी बेडकाची पंचाईत अशी की त्याच्याजवळ दाखवायला तळे नाही. त्याचा मुलूख म्हणजे रस्त्याकडेची जाळी, तिच्याखालचा पाचोळा आणि त्याखालची चार बोटे ओली माती. रस्ता रुंद करताना, विश्रामगृहाची बाग साफसूफ करताना, धबधब्याकडे जाणाऱ्या गर्दीसाठी जागा करताना हेच सर्वांत आधी निघते, आणि निघाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. झाड तोडले तर निदान बुंधा दिसतो.

श्रीलंकेत एक बेडूक असा होता की ज्याला केलार्ट यांनी १८५३ मध्ये नुवारा एलियाकडून नोंदवले आणि मग कुणी पाहिले नाही. तोही गेलेल्यांच्या यादीत होता. स्यूडोफिलॉटस स्टेलॅटस, अंगावर फिकट ठिपके असलेला. २००९ मध्ये श्रीपादाच्या रानात तो पुन्हा दिसला. दीडशेहून अधिक वर्षांनी. आंबोलीचा बेडूक शास्त्राला प्रथम माहीत झाला तेही हेच वर्ष. श्रीपादाभोवतीचे ते रान संरक्षित आहे.